गेटला काय ऐकू येतं

ड्रमचा एक सेट मुद्रित करायला आठ माइक लागतात, कधी दहा, आणि हौस व चॅनल दोन्ही असतील तर चौदासुद्धा. किकच्या आत एक, स्नेअरला वर एक आणि खाली एक, प्रत्येक टॉमला एकेक, हाय-हॅटला एक, डोक्यावर ओव्हरहेडची जोडी, खोलीचा म्हणून आणखी एखादा. मग संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक दिसतो, त्यावर नाव असतं, रंग असतो, आणि आपली समजूत होते की 'स्नेअर' असं लिहिलेल्या ट्रॅकवर स्नेअर आहे. सोलो दाबलं की कळतं, तिथे सगळंच आहे. हाय-हॅट तर जवळजवळ यजमानाइतकाच ठळक. मागे किकचा धप्प, क्रॅशचा पसारा, टॉमची गुणगुण. वादकाने एकच वाद्य वाजवलेलं असतं, त्याचे दहा तुकडे झालेत असं फक्त पडद्याकडे बघणाऱ्याला वाटतं.

या गळतीला धंद्यात सरसकट ब्लीड म्हणतात. आणि ब्लीड म्हटलं की पाठोपाठ प्रश्न येतोच, 'गेट कुठलं लावू?' हे पुस्तक त्या प्रश्नासाठी आहे. तरीही पहिल्या पानापासून प्लगइनांची नावं घेऊन त्यांना गुण देत सुटायचं मी टाळलं आहे. कुठलंही गेट चांगलं किंवा वाईट ठरतं ते दोन गोष्टींवरून: ड्रम वाजला हे ते कशावरून ओळखतं, आणि ओळखल्यानंतर उरलेला आवाज किती व कसा दाबतं. ही दोन उत्तरं मिळाली की नावं आपोआप चाळली जातात. पुस्तकातली सगळी प्रकरणं या दोन प्रश्नांभोवतीच लावली आहेत.

पहिल्या प्रश्नात खरी मेख आहे. साध्या गेटला ड्रम कळत नाही, पातळी कळते. डोळे मिटून खुर्चीत बसलेल्या वॉचमनने हॉर्न किती जोरात वाजला एवढ्यावरून सोसायटीचं फाटक उघडावं, तसा हा कारभार. जोरात हॉर्न मारणारा बाहेरचा असला तरी आत, आणि घरचा माणूस हळू बोलला की बाहेरच. थ्रेशोल्ड ही त्या आवाजाची मर्यादा. ती ओलांडली की गेट उघडतं, पातळी खाली आली की मिटतं. स्नेअरच्या माइकमध्ये क्रॅश जर हलक्या स्नेअरपेक्षा मोठा येत असेल, तर थ्रेशोल्ड कितीही वर-खाली सरकवा, त्या दोघांमध्ये रेघ ओढता येत नाही. प्लगइन महागडं आहे म्हणून ती रेघ तयार होत नाही.

ब्लीडचा त्रास मुळात कधी होतो हेही आधी पाहायला हवं. स्नेअरचा माइक कातड्यापासून दोन-तीन बोटं अंतरावर असतो आणि हाय-हॅट त्याच्यापासून जेमतेम फूटभर. कच्च्या ट्रॅकवर समजा हॅट स्नेअरच्या शिखरापेक्षा १८ डेसिबलने खाली आहे. एवढ्यावर कोणाचंच काही बिघडत नाही. मग आपण कॉम्प्रेसर लावतो. स्नेअरची शिखरं ८ डेसिबलने दाबतो आणि तेवढीच पातळी मेकअप गेनने वर आणतो. स्नेअर होता तिथेच राहिला, हॅट मात्र ८ डेसिबल वर सरकला आणि अंतर १० वर आलं. त्यानंतर स्नेअरला जरा 'कडक' करायचं म्हणून ८ किलोहर्ट्‌झच्या आसपास ईक्यू वाढवतो. तिथे स्नेअरचा थोडासा भाग राहतो, हॅटचं तर सगळं बिऱ्हाडच तिथे असतं. आता गाण्यात हॅट नको तितका मोठा वाटायला लागतो, आणि हॅटचा ट्रॅक पूर्ण बंद केला तरी तो कमी होत नाही. गेटची आठवण येते ती या क्षणी. म्हणून गेट साखळीत कॉम्प्रेसरच्या आणि ईक्यूच्या आधी बसतं. कॉम्प्रेसरने सगळं सपाट केल्यावर गेटला ओळखायला फरकच उरत नाही.

यावर एक आडवळणाचा सल्ला: हा हिशेब उलटा वाचला तर अर्धी गेटं काढून टाकता येतात. कॉम्प्रेशन थोडं कमी, ईक्यूची धार थोडी कमी, आणि स्नेअरची चमक ओव्हरहेडमधून घेतली, तर पुष्कळदा गेटची गरज पडत नाही. हे सांगितलं की समोरचा जरा नाराज होतो, कारण तो प्लगइनचं नाव ऐकायला आलेला असतो.

आता थोडा इतिहास. नॉइज गेटमधला 'नॉइज' म्हणजे टेपची सळसळ, अॅम्प्लिफायरची गुणगुण, कुणी वाजवत नसताना उघड्या राहिलेल्या चॅनलचा कचरा. १९७०च्या आसपास अमेरिकेत पॉल बफ यांच्या अॅलिसन रिसर्च कंपनीचं केपेक्स नावाचं यंत्र स्टुडिओंमध्ये रुळलं. 'कीएबल प्रोग्रॅम एक्सपांडर' या शब्दांतून जुळवलेलं ते नाव. त्यातलं 'कीएबल' महत्त्वाचं, कारण एका ट्रॅकचं गेट दुसऱ्याच आवाजाने उघडायची सोय त्यात होती, आणि आजही ड्रमसाठी सगळ्यांत उपयोगी युक्ती तीच आहे. पुढे १९८०च्या दशकात इंग्लंडच्या ड्रॉमरचं डीएस२०१ आलं. त्याने ओळखण्याच्या वाटेवर दोन फिल्टर बसवले. ऐकू येणारा आवाज पूर्ण राहायचा, गेटच्या कानापर्यंत मात्र आपण ठरवू तेवढाच पट्टा जायचा. आजच्या पुष्कळ प्लगइनांमध्ये साइडचेन फिल्टर म्हणून जे दोन गोळे दिसतात, ते याच वंशातले.

ड्रमवरच्या गेटची सगळ्यांत गाजलेली गोष्ट लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतली आहे. पीटर गॅब्रिएलचा तिसरा एकल अल्बम, १९८० साली निघालेला. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, आणि 'इन्ट्रूडर' या गाण्यावर ड्रमला फिल कॉलिन्स. तिथल्या सॉलिड स्टेट लॉजिकच्या कन्सोलवर वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी खोलीत एक माइक टांगलेला असायचा आणि त्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर असायचा. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक उघडा राहिला आणि कंट्रोल रूममध्ये ड्रमचा अवाढव्य आवाज आला. पॅजमने तो टेपवर घेण्याची वाट काढली आणि त्यावर गेट लावलं. खोलीची सगळी गाज फुगून येते आणि विरायच्या आतच कापली जाते. पुढच्याच वर्षी कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये साडेतीन मिनिटं उलटून गेल्यावर जो ड्रम कोसळतो, तो याच घराण्यातला. त्यानंतरची दहा वर्षं जगभर स्नेअर असाच वाजला.

या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्या अल्बमसाठी गॅब्रिएलने ड्रमरांना सिंबल वाजवायला मनाई केली होती. झांजांचा पत्राच नाही म्हटल्यावर गेटला चकवणार कोण? खोलीत फक्त कातडी वाजत होती, आणि प्रत्येक ठोक्यानंतर खरोखरची शांतता होती. आपण त्या आवाजाच्या मोहात पडून चार सिंबल आणि अर्धवट उघडा हॅट असलेल्या सेटवर तसंच गेट लावतो, आणि मग प्लगइनला दोष देतो.

गेट आणि एक्सपांडर हे भाऊ आहेत, पण स्वभाव वेगळे. दुसरा प्रश्न, म्हणजे 'किती दाबायचं', याचं उत्तर या दोघांच्या फरकात आहे. आकड्यांनी लवकर समजतं. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलला ठेवला. स्नेअरचा हलका ठोका उणे २६ला येतोय आणि हॅटचं ब्लीड उणे ४०ला. कडक गेट दोघांनाही गाडून टाकेल. त्याच्या लेखी दोघंही रेघेच्या खाली. एक्सपांडरचं गुणोत्तर १:२ ठेवलं तर थ्रेशोल्डच्या खाली जेवढं अंतर आहे ते दुप्पट होतं. हलका ठोका उणे ३२ला जातो, ब्लीड उणे ६०ला. गुणोत्तर १:१.५ केलं तर ठोका उणे २९ला राहतो, म्हणजे फक्त ३ डेसिबल गमावतो, आणि ब्लीड उणे ५०ला, म्हणजे १० डेसिबल खाली. हे शेवटचं मिश्रणात ऐकून बघा. ठोका जिवंत आहे, हॅट मागे सरकलाय, आणि कुठे काही उघडलं-मिटलं हे कळतही नाही.

याच्या जोडीला रेंज नावाचा गोळा असतो. बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. गेट मिटल्यावर आवाज जास्तीत जास्त किती खाली जावा हे तो ठरवतो. पुष्कळ प्लगइन उघडताना तो तळाला असतो, म्हणजे मिटलं की पूर्ण शांतता. ड्रमवर माझं मत स्पष्ट आहे: रेंज ८ ते १२ डेसिबल, आणि त्याहून जास्त लागत असेल तर कारण दाखवा. असं का, ते ऐकण्यासारखं आहे. स्नेअरचं गेट उघडतं तेव्हा ठोक्याबरोबर त्या माइकमधला हॅटही आत येतो. गेट मिटल्यावर तो हॅट पूर्ण नाहीसा होत असेल, तर प्रत्येक बॅकबीटला हॅट एकदम पुढे येतो, जरा मध्याकडे सरकतो आणि परत आपल्या जागी जातो. हेडफोनवर हे फार चमत्कारिक वाटतं. ब्लीड लपवायला लावलेलं गेटच त्याच्यावर बोट दाखवू लागतं. दहा डेसिबलच्या रेंजमध्ये ही उडी बहुतेक विरून जाते आणि ओव्हरहेड उरलेलं झाकून घेतात.

कडक गेटची खरी जागा टॉमवर आहे. चार मिनिटांच्या गाण्यात टॉम फार तर पाच-सहा ठिकाणी वाजतात, बाकी सगळा वेळ ते माइक उघडे राहून सिंबल गोळा करतात. शिवाय टॉमची कातडी स्वतःहून घुमते. किक वाजली, बेसचा स्वर जुळला, की तोही गुणगुणायला लागतो. एक फ्लोअर टॉम जवळून पाहू. तो साधारण ८० हर्ट्‌झला लागलाय असं धरलं, तर त्याच्या लहरीचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं. आता अटॅक अगदी शून्याजवळ ठेवला, तर गेट आवर्तनाच्या मधेच, लहर वर चढलेली असताना, खाडकन उघडतं. पडद्यावर तिथे उभी भिंत दिसते आणि कानाला टिक ऐकू येतं. ती टिक काठीच्या आवाजासारखी असते, म्हणून काही जणांना ती आवडतेही, आणि टॉम छान 'कट' होतोय असं ते म्हणतात. मग ती घालवायला अटॅक ४-५ मिलिसेकंद केला, तर टिक जाते पण काठीचा पहिला स्पर्शही जातो. टॉम बोथट होतो.

यातून बाहेर पडायची वाट म्हणजे लुकअहेड. प्लगइन आवाज काही मिलिसेकंद धरून ठेवतं, पुढे काय येतंय ते आधी बघतं आणि ठोका पोचायच्या आत गेट सावकाश उघडून ठेवतं. जुन्या यंत्रांना हे जमत नव्हतं, आणि माझ्या मते प्लगइनने यंत्रावर केलेली ही खरी मात. फॅबफिल्टरच्या प्रो-जीमध्ये लुकअहेड १० मिलिसेकंदांपर्यंत जातो. एबलटनच्या गेटमध्ये ०, १.५ आणि १० असे तीन टप्पे आहेत. रीपरच्या रीआगेटमध्ये याच कामाला प्री-ओपन म्हणतात. लॉजिकच्या नॉइज गेटमध्ये तो असतो, प्रो टूल्सच्या एक्सपांडर-गेटमध्ये त्यासाठी एक बटण आहे. बदल्यात तेवढाच उशीर होतो. तो सॉफ्टवेअर इतर ट्रॅकना थांबवून भरून काढतं, त्यामुळे मिक्स करताना अडचण नाही. वादक त्याच ट्रॅकमधून स्वतःला ऐकत वाजवत असेल तर मात्र लुकअहेड बंदच ठेवावा. हीच गोष्ट साधायची दुसरी, गरिबाची युक्तीही आहे. ट्रॅकची नक्कल करा, ती ५ मिलिसेकंद अलीकडे सरकवा, तिचा आवाज मिक्समध्ये सोडू नका आणि मूळ ट्रॅकचं गेट तिच्यावरून उघडा. लुकअहेड नसलेल्या प्लगइनलाही पुढचं दिसायला लागतं.

त्याच फ्लोअर टॉमवर पुढे जाऊ. होल्ड फार कमी ठेवला आणि रिलीजही चटकन, तर गेट ८० हर्ट्‌झच्या प्रत्येक चढउतारामागे धावतं, उघडतं, मिटतं, आणि टॉमच्या शेपटीत खरखर येते. निदान दोन आवर्तनं, म्हणजे २५ मिलिसेकंद तरी होल्ड हवाच. व्यवहारात मी टॉमला त्याच्या कितीतरी पट देतो. हिस्टेरिसिस हा यावरचा दुसरा उपाय. उघडण्याची पातळी एक आणि मिटण्याची पातळी तिच्याहून काही डेसिबल खाली. मग विरत जाणारा टॉम रेघेवर डुगडुगला तरी गेट फडफडत नाही. लॉजिक आणि रीआगेटमध्ये हा गोळा त्याच नावाने मिळतो, एबलटनमध्ये रिटर्न नावाने. घ्यायच्या प्लगइनमध्ये हिस्टेरिसिस नसेल, तर ते टॉमसाठी घेऊ नये असं मी म्हणेन. रिलीज मात्र आकड्यावरून ठरत नाही. गाण्याची लय आणि त्या टॉमची आस, दोन्ही ऐकत तो लावावा लागतो.

आणि इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगतो की टॉम हाताने कापायला गाणं संपण्याइतकाही वेळ लागत नाही. वाजलेल्या जागा ठेवायच्या, बाकी सगळं पुसायचं, प्रत्येक तुकड्याला पुढे छोटी आणि मागे लांब फेड द्यायची. कुठलंही प्लगइन इतकं अचूक नाही, कारण टॉम कुठे वाजला हे तुम्हाला दिसतं. गेट लावून तासभर थ्रेशोल्डशी झगडण्यापेक्षा हे बरं. गाणी तीस असतील आणि मुदत उद्याची असेल, तेव्हा अर्थातच गेट.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे, कारण अलीकडच्या प्लगइनांमध्ये खरी चढाओढ तिथेच आहे. साइडचेन फिल्टर हे ओळखण्याचं सगळ्यांत जुनं हत्यार आणि निम्म्याहून अधिक प्रसंगांत तेवढं पुरतं. किकच्या गेटला फक्त खालचा पट्टा ऐकू द्या, १००-१५० हर्ट्‌झच्या वरचं काढून टाका, हॅट आणि स्नेअर त्याच्यासाठी संपलेच. स्नेअरचा मूळ स्वर साधारण १५० ते २५० हर्ट्‌झमध्ये असतो. तेवढ्या पट्ट्यावर गेटचा कान लावला की वरच्या बाजूने हॅट आणि खालच्या बाजूने किक, दोघंही बाहेर. प्लगइनमध्ये हा गाळलेला आवाज ऐकून बघायची सोय असते, तिला काही ठिकाणी ऑडिशन म्हणतात, काही ठिकाणी लिसन. ती दाबून फिल्टर लावा, आकडे बघून नको. ज्या प्लगइनमध्ये ही सोय नाही ते माझ्या यादीतून तिथेच बाद.

फिल्टर हरतो तो घोस्ट नोटपाशी. 'टोटो'चं 'रोझॅना' ऐकलं असेल, १९८२चं. जेफ पोर्कारोने त्यात बॅकबीटच्या मधल्या जागांत स्नेअरवर जे पुसट ठोके पेरलेत, त्यांवर ती सगळी चाल डोलते. अशा वादनात हलका ठोका हॅटच्या ब्लीडपेक्षाही खाली असू शकतो. पातळीवर चालणारं गेट त्याला ओळखणार कसं? तुमच्या ड्रमरने असे ठोके वाजवलेत का, हे गेट लावायच्या आधी त्यालाच विचारावं. आपण कापून टाकलेली नक्षी त्याला मास्टरमध्ये कळते, आणि मग फोन येतो.

इथे नवी पिढी कामाला येते. सॉनॉक्सचं ऑक्सफर्ड ड्रम गेट नुसती पातळी मोजत बसत नाही. आवाज कसा उसळी घेतो ते पाहून ठोका ओळखायचा प्रयत्न करतं, आणि आपण किक, स्नेअर की टॉम शोधतोय हे त्याला सांगता येतं. ब्लॅक सॉल्ट ऑडिओचं सायलेन्सर हेही ड्रमच्या ब्लीडसाठीच बनवलेलं. अशी प्लगइनं पैसे वाचवत नाहीत, वेळ वाचवतात. दर आठवड्याला ड्रम मिक्स करणाऱ्याने ती जरूर घ्यावीत, वर्षातून एक अल्बम करणाऱ्याला त्यांची गरज नाही. त्याच्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या वेळीच एक स्वस्त उपाय आहे. ड्रमच्या कड्याला किंवा कातड्याला पिएझो ट्रिगर चिकटवायचा आणि त्याचा वेगळा ट्रॅक घ्यायचा. तो ट्रॅक ऐकायला भयंकर असतो, नुसती टकटक. पण त्यात हवेतून काही येत नाही, स्पर्शातूनच येतं, म्हणून हॅट त्यात जवळजवळ नसतोच. हा ट्रॅक साइडचेनला जोडला की संगणकाबरोबर फुकट आलेलं गेटही बिनचूक उघडतं. केपेक्समधल्या त्या 'कीएबल' शब्दाचं चीज इथे होतं.

कॉम्प्रेसरसारखा गेटला 'रंग' असतो का, असं विचारलं जातं. जुन्या कन्सोलच्या नकला म्हणून विकली जाणारी चॅनल-स्ट्रिप प्लगइनं त्यावर बरीच भिस्त ठेवतात. सॉलिड स्टेट लॉजिकच्या ई-चॅनलच्या नकलेत अटॅकला दोनच वेग असतात, साधा आणि जलद, एक्सपांडर की गेट हे निवडायचं बटण असतं, आणि थ्रेशोल्ड, रेंज, रिलीज. किक आणि स्नेअरवर हे झटपट लागतं आणि बरं वाजतं, यात वाद नाही. ते रंगामुळे की कमी गोळ्यांमुळे, यावर मात्र माझी शंका कायम आहे. गोळे कमी असले की माणूस ऐकतो जास्त.

वरचेच आवाज दाबणारी तिसरी जातही आहे. मल्टिबँड एक्सपांडर किंवा डायनॅमिक ईक्यू घेऊन स्नेअरच्या ट्रॅकवरचा फक्त ५ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग ठोक्यांच्या मधे खाली करायचा, खालचं अंग तसंच ठेवायचं. स्नेअरचं लाकूड आणि घुमणं अखंड राहतं, हॅटची चुरचुर तेवढी मागे जाते. फॅबफिल्टरच्या प्रो-एमबीमध्ये हे नीट करता येतं. घोस्ट नोट असलेल्या वादनाला आणि फार उघड्या हॅटला मी हल्ली आधी हेच लावून पाहतो. या विषयावरचं प्रकरण पुस्तकात सगळ्यांत लांब झालंय. ते मुद्दाम कापलं नाही.

गेट लावूच नये अशा जागाही आहेत. ब्रशवर वाजवलेलं जॅझ ही उघड जागा. पण रॉकमध्येसुद्धा लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा ड्रम आठवा. हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली जॉन बॉनम वाजवतोय आणि वर टांगलेल्या दोन एम१६० रिबन माइकांवर अँडी जॉन्स ते घेतोय. तिथे तुकडेच नव्हते, त्यामुळे ब्लीड नावाची गोष्टच नव्हती. आपल्याकडच्या फ्यूजन बँडांत ड्रम सेटच्या शेजारी तबला किंवा ढोलकी असते, आणि उत्साहाच्या भरात एखादा त्यांनाही गेट लावतो. डग्ग्यावरची मींड ही ठोक्यानंतरच घडते, मनगट सरकतं तेव्हा, आणि तेव्हा पातळी उतरत असते. गेटला तिथे फक्त उतरती पातळी दिसते आणि ते मिटतं. तबल्याच्या ट्रॅकवर ड्रम शिरत असेल तर मधे आडोसा उभा करा, किंवा तबला नंतर वेगळा घ्या. गेटने ते साधणार नाही.

खोलीबद्दल एवढंच, की पुण्या-मुंबईतल्या बहुतेक छोट्या स्टुडिओंत स्लॅब डोक्याला लागेल इतका खाली असतो आणि सिंबल त्याच्यावर आपटून प्रत्येक माइकमध्ये परत येतात. छताला जाड शोषक लावणं, हॅट दोन इंच वर घेणं, स्नेअरच्या कार्डिऑइड माइकची पाठ बरोबर हॅटकडे करणं, आणि ड्रमरला हॅट जरा हळू मार म्हणून गोड बोलून सांगणं, यांतून जे डेसिबल मिळतात ते कुठल्याच प्लगइनमधून मिळत नाहीत. शेवटचा उपाय सगळ्यांत परिणामकारक आणि सगळ्यांत अवघड.

पुस्तकात प्लगइनांच्या किमती दिलेल्या नाहीत. नोव्हेंबरच्या सेलमध्ये त्या कुठल्या कुठे जातात आणि जानेवारीत पुन्हा वर येतात. बहुतेक कंपन्या काही दिवसांचा डेमो देतात. तो सुरू करताना आपल्याकडचा सगळ्यांत वाईट वाजलेला, हॅटने भरलेला स्नेअरचा ट्रॅक काढून ठेवा, आणि कंपनीच्या प्रीसेटला हात लावायच्या आधी रेंज दहावर आणा.